रिकाम्या इमारतीतला भाडेकरू

शनिवारी सकाळी उपेंद्र माईणकरने बायकोला मदत करायचं ठरवलं. तेवढंच त्याचं चुकलं.

झालं असं, की वेलचेरीतल्या त्यांच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर अर्चनाने तिच्या आईची इरकल साडी उन्हाला टाकली होती. मे महिन्यातलं चेन्नईचं ऊन. साडीतली कसर सोडा, साडी टाकायला गेलेला माणूससुद्धा वाळून येतो. त्यात समुद्राकडून वारा सुटला आणि साडी उडाली, ती थेट शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या गजांत जाऊन अडकली.

"वॉचमनला सांगते," अर्चना म्हणाली.

"वॉचमन कशाला? मी आणतो. पाच मिनिटांचं काम."

(उपेंद्रच्या आयुष्यातली बहुतेक संकटं पाच मिनिटांच्या कामांतूनच निघाली होती. नळाचा वॉशर बदलणं हेही असंच एक काम. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वेंकोबा रावांचे देव पाण्यात बसले होते, आणि तेही नवस न बोलता.)

"अहो, पण ती इमारत..." अर्चना म्हणेपर्यंत स्वारी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर जिना उतरली होती. फोन चार्जिंगला होता.

आता ती इमारत. तीन मजली होती, पण तिसरा मजला आहे म्हणायचं की होता म्हणायचं, यावर मतभेद होते. कित्येक वर्षांत तिथे कोणी राहत नव्हतं. छज्ज्यातून पिंपळ उगवला होता आणि जिन्यात कुत्री व्यायली होती. गेल्या पावसाळ्यात तर तळमजल्यात साचलेल्या पाण्यात बेडूक असे ओरडत, की रेवा, म्हणजे उपेंद्रची सात वर्षांची मुलगी, त्यांच्या आवाजावर नाच करायची. इथवर सगळं गमतीचं होतं. मग एका सकाळी रेवा स्कूलव्हॅनमध्ये चढली, व्हॅन दहा हात पुढे गेली, आणि ती जिथे उभी होती तिथे छज्ज्याचा एक मोठा तुकडा पडला. बाजूला उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्या अक्काच्या गाडीचा पत्रा फाटला. अक्का चहा प्यायला गेली होती म्हणून वाचली.

उपेंद्र ओरगडमच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होता. नव्या गाडीच्या दारावरचा केसाएवढा ओरखडा टॉर्च लावून शोधणं हे त्याचं काम. अशा माणसाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ही इमारत! तो चार वर्षं वॉर्ड ऑफिसला तक्रारी करत होता. पहिल्या तक्रारीनंतर माणसं आली आणि इमारतीत डासांचा धूर सोडून गेली. डास घाबरून उपेंद्रकडे राहायला आले. दुसऱ्या तक्रारीनंतर 'धोकादायक इमारत' असं लाल रंगात रंगवायला पेंटर आला, पण त्या भिंतीचा गिलावा ब्रश लागला की गळायचा. मग त्याने ती पाटी उपेंद्रच्या अपार्टमेंटच्या कंपाउंडवर नीट, सुवाच्य अक्षरांत रंगवली. भिंत चांगली होती ना. तेव्हापासून जेवण घेऊन येणारी पोरं गेटाबाहेरूनच फोन करत.

आणि पुढच्या सगळ्या तक्रारींना एकच उत्तर. इमारत रिकामी आहे, मालक सापडत नाही.

तर अशा इमारतीत आपले उपेंद्रराव साडी आणायला शिरले. जिन्यात कुत्रीने त्यांना बराच वेळ पहिल्या मजल्यावर अडवून धरलं. ती बाजूला होते न होते तोच गॅलरीच्या गजांनी साडी धरून ठेवली. जोर लावावा तर साडी फाटेल, सासूबाई सोलापुराहून येतील. तो एकेक धागा सोडवत बसला.

नेमक्या याच वेळी, चार वर्षांत पहिल्यांदाच, सरकार जागं झालं. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी एक भिंत कोसळली होती, पेपरात फोटो आला होता आणि वरून हुकूम सुटला होता की शनिवार संध्याकाळपर्यंत सगळ्या धोकादायक इमारती सील झाल्याच पाहिजेत. काळा चष्मा लावलेले एक ज्युनियर इंजिनियर साहेब, चार माणसं आणि वेल्डिंगचं मशीन टेम्पोतून उतरलं. साहेबांनी फाटकाशी टाळ्या वाजवून "यारावदु इरुक्कींगळा?" म्हणजे आत कोणी आहे का, असं विचारलं. उत्तर आलं नाही. जाळीचा दरवाजा ओढला, पत्रा ठोकला, वेल्डिंग केलं, कुलूप घातलं, वर लाखेचं सील मारलं. आवाज उपेंद्रलाही आला, पण गल्लीत कुठलं ना कुठलं बांधकाम चालूच असे, त्याने लक्ष दिलं नाही. काम इतकं चोख झालं की उपेंद्रने क्वालिटीवाला म्हणून एरवी पाठ थोपटली असती.

खिडक्यांना गज होते. उपेंद्र साडी सोडवून खाली आला तेव्हा दरवाजाच्या जागी पत्रा होता आणि टेम्पो वेल्डिंगचं मशीन घेऊन पुढच्या इमारतीकडे निघाला होता. तो पुन्हा वर धावला. गॅलरीत आला आणि साडी झेंड्यासारखी हलवत त्याने खाली मागे राहिलेल्या साहेबांना हाक मारली.

त्याचं तमिळ चार वर्षांचं होतं, म्हणजे बालवाडीतलं. 'मी इथे आहे' एवढंच त्याला सांगायचं होतं.

"सार! नान इंगेदान इरुक्केन!"

अडचण अशी, की या वाक्याचा अर्थ तमिळमध्ये 'मी इथेच आहे' असाही होतो आणि 'मी इथेच राहतो' असाही. साहेबांनी चष्मा काढून वर पाहिलं. गॅलरीत एक बनियनमधला इसम साडी वाळत घालत होता.

"इथे राहता?" साहेबांनी तमिळमध्ये विचारलं. "किती दिवस?"

हा प्रश्न उपेंद्रला पाठ होता. चेन्नईत प्रत्येक रिक्षावाला, भाजीवाला, डॉक्टर पहिला तोच विचारतो, तुम्हाला इथे येऊन किती दिवस झाले?

"नालु वरुषम!" त्याने अभिमानाने चार बोटं दाखवली. चार वर्षं!

साहेब भिंतीला टेकणार होते, पण इमारत बघून त्यांनी विचार बदलला.

"आणि साडी? बायको पण आत आहे?"

'पोंडाट्टी', म्हणजे बायको, हा शब्द उपेंद्रला कळला. त्याने समोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकीत अर्चना कपाळाला हात लावून उभी होती. "अंगे!" तिकडे!

साहेबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा गॅलरीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर, सरकारी नोकरीत क्वचितच दिसणारी, सहानुभूती उमटली.

अर्चना धावत खाली आली. तिचं तमिळ झकास होतं. तिने साडी, वारा, पाच मिनिटं, सगळं समजावून सांगितलं.

"मॅडम," साहेब हळू आवाजात म्हणाले, "घरातली भांडणं घरात मिटवावीत. पण ते स्वतः म्हणाले, चार वर्षं."

"सर, ते माझ्यासोबत राहतात! मला रोज सहन करावं लागतं त्यांना!"

"तुम्ही म्हणता. पण दिसतात तिकडे." साहेबांनी आता मुख्य मुद्दा काढला. "बघा, रिकामी इमारत असती तर हे सील बरोबर होतं. माणूस राहत असेल तर आधी त्याला नोटीस द्यावी लागते. मुदत द्यावी लागते. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं."

"मग सील काढा!"

"ते मला कसं काढता येईल? सील काढायला झोन ऑफिसची परवानगी लागते. सोमवारी."

"आणि तोवर?"

"तोवर राहतील. चार वर्षं राहिलेत."

फायर ब्रिगेडला फोन झाला. शिडी टेकवायची असेल तर इमारत मजबूत पाहिजे, असं तिकडून कळलं. इमारत मजबूत असती तर शिडी लागली नसती, हे अर्चनाने ऐकवलं. त्यावर तिकडून फोन बंद झाला.

दुपार झाली. सारी गल्ली गोळा झाली होती. अर्चनाने कपडे वाळत घालायच्या काठीला डबा अडकवून स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅलरीत सरकवला. आमटी-भात होता. उपेंद्र मांडी घालून जेवायला बसला तसं वरून गिलाव्याचं एक ढेकूळ पडलं, नेमकं आमटीत. खिडकीतून रेवा टाळ्या वाजवत म्हणाली, "बाबा, परत कर ना!" पण अर्चनाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अहो, भिंतीला लागून बसा हो," ती म्हणाली. उपेंद्रलाही तेव्हा कळलं की आपण चार वर्षं ज्याबद्दल लिहितोय, त्याच्या खाली बसून जेवतोय.

एवढ्यात खालच्या मजल्यावरून वेंकोबा राव आपल्या गॅलरीत आले. हे तंजावरकडचे मराठी, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडला, आणि मराठी तेव्हा होतं तसंच गुंडाळून बरोबर नेलं. वरून मात्र तमिळचा हेल.

"काय हो माईणकर, तिकडें काय करितां? जेवण झालें कां?"

"राव, अडकलोय मी! मालक सापडत नाही म्हणतात!"

"मालक? गिरिधर राव? तो आमचा सोयराच की हो. नंगनल्लूरला राहतो. रोज सकाळीं देवळांत भेटतो."

सगळी गल्ली वेंकोबा रावांकडे वळली.

"चार वर्षं झाली, मी मालकाला शोधतोय!" उपेंद्र किंचाळला. "सांगितलं का नाही?"

"कोणी विचारिलें नाहीं पा," वेंकोबा राव म्हणाले आणि फोन लावला. फोनवर ते फक्त एवढंच बोलले, "गिरिधर, तुझ्या घरांत कोणी तरी राहावयास आला आहे रे. चार वर्षें झालीं म्हणे."

ज्या माणसाला सरकारी नोटिसा, भावाशी चाललेला दावा आणि पडणारे छज्जे यांपैकी काहीही घराबाहेर काढू शकलं नव्हतं, तो अर्ध्या तासात हजर झाला. कपाळावर गंध, लुंगीसारखी वेष्टी खोचलेली, बरोबर गॅसकटरवाला. भाडेकरू म्हटल्यावर माणूस असा पळतो.

"कोण रे तूं? कोणाला विचारून शिरलास?" गिरिधर रावांनी खालून गर्जना केली.

मराठी ऐकून उपेंद्रला भरून आलं. "काका, मी..."

"मी तुझा काका नव्हे!"

पत्रा कापला गेला. लाखेचं सील वितळून खाली ओघळलं. तसे चहाच्या टपरीवरून इंजिनियर साहेब धावत आले.

"सरकारी सील तोडता? कोण तुम्ही?"

"मी कोण?" गिरिधर रावांनी छाती ठोकली. त्यांचा आवाज मेन रोडपर्यंत गेला असेल. "ओनर! या इमारतीचा ओनर!"

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "सर," ते अतिशय प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला किती वर्षं शोधतोय आम्ही."

गिरिधर रावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "ओनर म्हणजे... तसा ओनर धाकटा भाऊ..." पण साक्षीला अख्खी गल्ली होती, आणि इस्त्रीवाल्या अक्काने फाटलेला पत्रा गाडीवरून काढून त्यांच्यापुढे आणून धरला होता.

सुटका म्हणून ते भाडेकरूला हाकलायला तरातरा जिना चढले. अर्ध्या जिन्यात उपेंद्र साडी छातीशी धरून उतरत होता. दोघं समोरासमोर आले आणि गिरिधर रावांनी आधारासाठी कठडा धरला. कठडा त्यांच्या हातात आला. म्हणजे पूर्ण आला. त्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यातून आकाश दिसत होतं.

"अय्यय्यो," ते पुटपुटले. "हें पडेल की हो!"

"तेच मी चार वर्षं सांगतोय."

"मग मेल्या, आंत काय म्हणून राहतोस?"

या प्रश्नाला उपेंद्रकडे उत्तर होतं, पण ते वाक्य पूर्ण होईपर्यंत दोघंही रस्त्यावर पोचले होते.

पुढचं सगळं भराभर झालं. आत राहणारा इसम परत येऊन बसला तर दावा आणखी वीस वर्षं चालेल, या भीतीने दोन्ही भाऊ पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. महिन्याभरात इमारत पाडली गेली. साहेबांनी आधीचे आणि नंतरचे फोटो काढले. जाताना त्यांनी उपेंद्रचा हात हातात घेऊन अनुभवाचे बोल ऐकवले, "रिकाम्या इमारतीकडे कोणी बघत नाही, सार. आत एक माणूस ठेवावा लागतो."

रेवाची व्हॅन आता सावलीविना, पण निर्धास्त उभी राहू लागली. उपेंद्र गल्लीतून जरा छाती काढून चालू लागला. लोक त्याच्याकडे बघून हसत, बायका मान हलवत. त्याला वाटलं, कृतज्ञता. एका संध्याकाळी कपडे घ्यायला गेला तेव्हा इस्त्रीवाल्या अक्काने घडी घालता घालता त्याच्याकडे मायेने पाहिलं.

"बरं झालं सार, ते घर पाडलं," ती म्हणाली. "नाहीतर अर्चना अम्माने तुम्हाला परत घरात घेतलंच नसतं. आता नीट राहा. दारू सोडली ना?"

उपेंद्र कपडे तिथेच टाकून तरातरा घरी आला.

"अर्चना! खाली सगळ्यांना वाटतंय की तू मला चार वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतंस! दारूपायी!"

"ठाऊक आहे," अर्चना कणीक मळत म्हणाली. "मीच सांगितलं."

"तू?"

"आधी खरं सांगून बघितलं हो. की नवरा साडी आणायला गेला आणि सरकारने त्याला आत सील केलं." तिने कणकेचा गोळा ताटात आपटला. "खालच्या बायका म्हणाल्या, इतका बावळट माणूस असतो का कुठे? मग मला तुमची अब्रू वाचवावी लागली."