सात डोक्यांची व्हॅन

सव्वाआठला तीन मिनिटं कमी होती आणि सातांपैकी सहाच माणसं खाली उतरली होती. रविराजनं पुन्हा जिन्याकडे पाहिलं.

आज पावणेदहाच्या आत कवठे महांकाळच्या कचेरीतल्या यंत्रावर अंगठा पडला नाही, तर त्याची बदली ठरलेली. वीरधवल साहेबांनी सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "शुक्रवारी तपासणी आहे. त्या दिवशी उशीर झाला तर कारण विचारणार नाही. सरळ प्रस्ताव पाठवीन." पोरगी यंदा दहावीला. सांगली सोडून तिला न्यायचं कुठं?

बरं, उशीर त्याच्या झोपेमुळे होत नव्हता. त्याची मोटरसायकल पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात असायची आणि तिच्यापुढे आडवी असायची साहेबांची गाडी. साहेब त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. ते पावणेनऊला निघायचे, चारचाकी हाणत वेळेवर पोचायचे आणि मागून धापा टाकत आलेल्या रविराजला विचारायचे, "रोज रोज उशीर होतोच कसा?" ज्यानं वाट अडवायची, त्यानंच जाब विचारायचा. ह्याला आपल्याकडे शिस्त म्हणतात.

म्हणून रविराजनं पंधरा दिवस दारोदार फिरून सामायिक व्हॅनचा प्रचार केला. कवठे महांकाळला कामाला जाणाऱ्या सगळ्यांनी एकाच गाडीतून जायचं. जिन्यात कागद चिकटवले. अपार्टमेंट म्हणजे एका जिन्यावरची चौदा संस्थानं; प्रत्येक संस्थानाची अट निराळी.

"खिडकी मिळणार आसंल तर येतो," बँकेत बंदूक घेऊन बसणारे माजी फौजी नाथाजी म्हणाले.

"माझं आवरायला वेळ लागतो हं, थांबाल ना?" चौथ्या मजल्यावरच्या राजेश्वरीबाईंनी विचारलं.

"थांबायचं न्हाई, म्हणून तर व्हॅन!" रविराज म्हणाला. साहेबही कबूल झाले. पेट्रोल वाचवणाऱ्या अधिकाऱ्याचा पेपरात फोटो येतो, एवढं त्यांना पुरलं.

नियम रविराजनंच लिहिले. ड्रायव्हरनं सात डोकी मोजायची आणि निघायचं. मागं राहिलेल्यासाठी गाडी फिरवायची नाही, मग तो कुणी का असेना. 'कुणी का असेना'खाली त्यानं दोन रेघा ओढल्या होत्या.

आता राजेश्वरीबाईंचा पत्ता नव्हता.

"जोतीराम, हललास तर बग. आलोच मी!" ड्रायव्हरला बजावून रविराज बॅग, डबा, मोबाईल सगळं मागच्या सीटवर टाकून जिन्याकडे पळाला. लिफ्ट वर गेलेली, वाट बघायला सवड कुठली? चौथ्या मजल्यावर तो बेल बडवत उभा राहिला तेव्हा राजेश्वरीबाई केस नीट करत लिफ्टनं खाली उतरत होत्या.

शेजारीण बाहेर आली. "त्या तर आत्ताच गेल्या की!"

रविराज चार जिने उतरला ते पायांनी की गुडघ्यांनी, त्यालाच ठाऊक. फाटकात आला तर व्हॅनच्या जागी नुसता धूर.

"सव्वाआठ झाली, जोतीरामनं सात डोकी मोजली न् गेला," वॉचमन भाऊसो म्हणाला.

"सात? आरं, सातवा तर मी!"

"न्हाई वं. मल्हारचं वडील बसलं न्हवं? कोंडीबा आबा. गावाकडं निघालं हुतं. म्हणलं, बसा, तिकडंच चाललीय."

तळमजल्यावरच्या मल्हारचे वडील! जन्म मेंढरामागं काढलेला माणूस. रविराज पार्किंगकडे धावला आणि जागीच थिजला. प्रचार कमालीचा यशस्वी झाला होता. आज सगळ्यांच्या गाड्या घरीच होत्या. साहेबांची गाडी मोटरसायकलीपुढे नेहमीसारखी आडवी, आणि किल्ली साहेबांच्या खिशात, व्हॅनमधून कवठे महांकाळच्या वाटेला.

भाऊसोच्या सायकलीवर डबलसीट बसून तो स्टँडला गेला. निघालेल्या एसटीच्या दांडीला लोंबकळला. दर थांब्यावर कंडक्टर घंटी मारेपर्यंत त्याचा जीव वरखाली होत होता. शिरढोणच्या अलीकडे समोरून एक पांढरी व्हॅन भरधाव सांगलीकडे गेली. अशा छप्पन्न व्हॅनी असतात. त्यानं पुन्हा शेजाऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळात डोळे खुपसले.

नऊ त्रेचाळीसला त्याचा अंगठा यंत्रावर पडला. हिरवा दिवा लागला. रविराज भिंतीला टेकला. वाचलो!

दहाला तपासणीच्या मॅडम आल्या. साहेबांच्या खोलीत गेल्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहून बाहेर आल्या.

"साहेब कुठं आहेत?"

"वाटेत असतील, मॅडम," रविराज म्हणाला.

वाट पाहण्यात वीस मिनिटं गेली. मॅडमनी हजेरीचा कागद मागवून घेतला.

"फोन लावा त्यांना."

साहेबांचा फोन लागेना. पण रविराजचा मोबाईल व्हॅनमध्येच होता. रविराजनं कचेरीच्या फोनवरून स्वतःचाच नंबर फिरवला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "कोण बोलतंय?"

"आबा? मी रविराज. कुठं हायसा तुमी?"

"तुमच्याच दारात की! शिरढोणापातूर गेलो हुतो. म्हणलं ह्यो डबा कुणाचा? कुणीच बोलंना. तवा ध्येनात आलं, एक माणूस जिन्यानं वर गेल्यालं, ते खाली आलंच न्हाई. समदी म्हणली, गाडी फिरवायची न्हाई आसा नियम हाय. म्या म्हणलं, मेंढरू चुकलं तरी आमी रानात मुक्काम करतो, ह्यो तर माणूस! उतरून आडवाच झालो गाडीम्होरं. फाटकावर वॉचमन बी न्हाई. दार उघडा लौकर. तुमी आल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

"आवं आबा, मी कचेरीत हाय! निगा तुमी!"

"आसं कसं? हितं चष्मेवालं एक सायेब लय तापल्यात. घ्या, बोला."

"रविराज!" साहेबांचा आवाज चिरकला. "कुठं आहेस तू? गेल्या दहा मिनिटांपासून आम्ही तुझ्या बंद दारावर—"

"साहेब, माझा अंगठा नऊ त्रेचाळीसला पडला."

मॅडमनी रिसीव्हरसाठी हात पुढे केला.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "मी कारण विचारणार नाही."