मोतीबंदरच्या हुकुमाचा वाद

श्रीवाग्देवता प्रसन्न. सांगणाराची जीभ सरळ राहो आणि ऐकणाराचे चित्त ठिकाणी राहो. स्वामींनी पुसिले की, अस्त्रशाळेतील पाठ मोडावयाचा ठरला असता चालता कैसा राहिला. त्यावरून जे घडले ते यथास्थित लिहितो. राज्यशक अठ्ठ्याहत्तर, रौद्रनाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीयेचे दिवशी हे वर्तमान जाहले.

या राज्यात अणुअस्त्र होते. तीस वर्षांमागे थोरले महाराज यांनी ते शत्रूचे मोतीबंदर शहरावर टाकविले, आणि अर्ध्या घटकेत शहर भस्म जाहले, आणि चौथे दिवशी शत्रूने तह केला, आणि सात वर्षांचे युद्ध सरले. मग नवव्या वर्षी थोरले महाराज यांनी अस्त्रशाळा घातली आणि नेम केला की, अस्त्राची कळ ज्या सरदाराचे हाती द्यावयाची त्याने आधी एक मास शाळेत बसावे आणि एकाच प्रश्नाचा वाद करावा: मोतीबंदर जाळिले ते धर्माने की अधर्माने. शाळेवर वैजनाथशास्त्री होते. शास्त्री असे काटेकोर की, पागोट्याचा एक पेच चुकला तर सगळे पागोटे सोडून पुन्हा बांधीत. त्यांनी शाळेची रीत घातली की, आज जो 'धर्म' म्हणेल त्याने उद्या 'अधर्म' म्हणावे. आणि प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या मुखे मांडून त्याजकडून 'हेच माझे म्हणणे' असे वदविल्यावाचून कोणी उत्तर करू नये. एकवीस वर्षे हा क्रम अव्याहत चालला.

पुढे कवायतीचे वेळी असे जाहले की, दोघां सरदारांस लटका हुकूम सोडिला, आणि त्यांनी कळ दाबण्यापूर्वी पुसिले की, हुकूम कोणाचा आणि कशास्तव. सेनापती जिवाजीराव दळवे यांचा संताप जाहला, आणि ते दरबारी येऊन बोलिले की, कळ दाबणारा विचार करू लागला तर कळ हवी कशास, पंचायत बसवावी. आणि अर्ज केला की, पाठ मोडावा, शाळेत दारूगोळा भरावा, आणि शास्त्रीबोवांस देवळात पुराण सांगावयास बसवावे. महाराज तरुण, परंतु न्यायी. त्यांनी आज्ञा केली की, उभयतांनी शाळेच्याच रीतीने दरबारी वाद करावा. जो जिंकेल त्याचे खरे. शास्त्र्यांस पुराणाची भीती नव्हती. अस्त्र आंधळ्या हाती जाईल याची मात्र होती. सकाळी पागोटे तिसऱ्यांदा बांधीत असता त्यांचे कुटुंब भागीरथीबाई म्हणाल्या, "दुसऱ्याची बाजू एवढी नटवू नका, की आपली बिनलग्नाची राहील." शास्त्री हसले आणि निघाले.

मग दरबार भरला, आणि शास्त्र्यांनी आधी सेनापतींचे म्हणणे मांडिले, आणि ते ऐसे मांडिले की, युद्धात रोज किती घरे विझत होती, शरण न येणारा शत्रू आणखी किती वर्षे लढता, आणि ज्याचे हाती अस्त्र आहे त्याचा हात कचरला असे कळताच शत्रू पुन्हा कैसा चढून येईल, हे सर्व पायरी पायरीने सांगितले. दरबार डोलू लागला. सेनापतींस आपले म्हणणे इतके भारी आहे हे त्या दिवशीच उमजले. ते मिशीस पीळ देऊन म्हणाले, "हेच माझे म्हणणे. शास्त्रीबोवा, उद्यापासून आमच्या छावणीत या." आणि चिटणीस बाळकोबा यांनी, वाद सरलाच असे समजून, निवाड्याचा कागद काढून सेनापतींचे नाव घातलेही. सचोटीच्या भरात आपण आपलेच घर शाकारून शेजाऱ्यास दिले की काय, असे शास्त्र्यांस वाटले. परंतु ते उभे राहून शांतपणे म्हणाले की, अर्धीच रीत जाहली. आता सेनापतींनी माझे म्हणणे मांडावे.

सेनापती म्हणाले, ते सोपे. शास्त्र्यांचे म्हणणे की, अस्त्र पाप आहे, समुद्रात बुडवा. शास्त्री म्हणाले, हे माझे म्हणणे नव्हे. मग सेनापती म्हणाले की, थोरले महाराज चुकले. तेही नव्हे. मग म्हणाले की, सरदारांनी हुकूम मोडावा. तेही नव्हे. दुपार कलली, दरबारात जांभया येऊ लागल्या, आणि सेनापती कातावून म्हणाले, "बोवा, तुमचे म्हणणे आहे तरी की नाही?" तेव्हा शास्त्री म्हणाले की, आपणांस इनाम गाव मिळाला त्याची सनद म्हणून दाखवावी. सेनापतींस ती तोंडपाठ होती. त्यांनी अभिमानाने म्हटली: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह गाव दिल्हा. शास्त्री म्हणाले, "गाव देताना या राज्यात गवताची काडीसुद्धा नाव घेऊन देतात. मोतीबंदरचा हुकूम याच रीतीने सांगा. आपण युद्धाआधी, तरुणपणी, आपल्या राज्याचे वकिलाचे स्वारीबरोबर दोन वर्षे तेथे होता."

सेनापती हसून सांगू लागले, आणि बाळकोबा लिहू लागले. जल म्हणजे जकातनाक्यामागील तीन तोंडांची विहीर. तरु म्हणजे घोडेबाजारातील चिंच, जिच्याखाली न्हावी बसत. तृण म्हणजे धक्क्यावर रचलेल्या गवताच्या गंज्या. काष्ठ म्हणजे अर्धी बांधलेली गलबते. पाषाण म्हणजे खानावळीची पायरी. तीवर सुलाबाई बसे आणि "पावणं, उपाशी मेलात तर तुमचा राजा आमच्यावर चालून येईल" म्हणून चौथी भाकर वाढी. इतके सांगितले आणि सेनापती थांबले. पुढे निधी होता, म्हणजे त्या घरांनी जिवापाड जपलेले धन, तो त्यांचेने सांगवेना. बाळकोबांची लेखणी कागदावर उभी राहिली.

तेव्हा महाराजांनी थोरल्या महाराजांचा मूळ हुकूम दफ्तरातून आणविला. बोटभर कागद. त्यावर दोनच शब्द: मोतीबंदर. करणे.

सेनापतींनी तो कागद हाती घेऊन वाचिला. मग सेनापती सावकाश म्हणाले, "विहीर, चिंच, सुलाबाई, सगळे लिहूनही थोरल्या महाराजांनी हुकूम दिला असता. मीही देतो. शत्रू पुन्हा आला तर उद्याही देईन. पण मग काय दिले ते ठाऊक असते."

शास्त्री म्हणाले, "हेच माझे म्हणणे."

महाराजांनी विचारिले, सेनापती, आता रीतीप्रमाणे उत्तर करा. सेनापती म्हणाले, "उत्तर आहे, महाराज. पण सनद पुरी जाहल्यावर करीन." मग महाराजांनी आज्ञा केली की, पाठ चालावा, अस्त्राचा हुकूम यापुढे महाराजांनी स्वहस्ते, सनदेच्या रीतीने, काडीसह लिहावा, एरवी तो हुकूमच नव्हे, आणि सेनापतींनी चतुर्थीपासून शाळेत बसावे. शास्त्री घरी आले तो भागीरथीबाईंनी पुसिले, "आपली बाजू उजवली का?" शास्त्री पागोटे उतरवीत म्हणाले, "उजवली. व्याह्यांनीच लावून दिली."

एवंच, पाठ राहिला, अस्त्रही राहिले, आणि मोतीबंदरची ती सनद शाळेत भिंतीस लाविली आहे. निधीपुढची जागा कोरी आहे. दर वर्षी नवा सरदार ती भरावयास बसतो.