पसंतीला आणलेले दोन लॅपटॉप

रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, लातूरच्या औसा रोडवरील एका घरात, उद्धव देगलूरकर सरांनी नवाकोरा लॅपटॉप मोडला. लॅपटॉप त्यांचा नव्हता. त्यांनी तो विकतही घेतलेला नव्हता. तो पसंतीला आणलेला होता.

साड्या जशा पसंतीला घरी आणतात, तसे दोन लॅपटॉप आणण्याची कल्पना सरांच्या पत्नी सौदामिनी यांची. दुकान यासेरचे. यासेर म्हणजे शेजारच्या चांदबींचा मुलगा आणि सरांचा जुना विद्यार्थी. काउंटरवर उभे राहून अशा गोष्टी ठरत नसतात, असे सौदामिनींनी त्याला सांगितले, आणि शनिवारी त्याने दोन्ही लॅपटॉप घरी आणून दिले. एक ठेवून घ्यायचा, दुसरा तो रविवारी सहाला येऊन परत नेणार.

दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच राखाडी रंगाचे. मिटून ठेवले तर जुळे. एक नेहमीसारखा, डब्याच्या झाकणासारखा उघडणारा. दुसऱ्याचा स्क्रीन मागे मागे जाऊन थेट पाठीला टेकायचा आणि त्यावर पेनने चित्र काढता यायचे. मुलगी मुग्धा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती. तिला हा दुसराच हवा होता, आणि हौस म्हणून नव्हे. वर्गातले निम्मे ड्रॉइंग आता स्क्रीनवरच चालायचे.

सरांचे मत साध्याच्या बाजूने होते. जे फिरते ते तुटते, असे ते म्हणत. पुरावा म्हणून घडीची खुर्ची, जुन्या चष्म्याची दांडी आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार अशी घरातलीच उदाहरणे देत.

मात्र शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी, दोष शोधायचे म्हणून, त्यांनी फिरणारा लॅपटॉप एकदा फिरवून पाहिला. चित्र आपोआप सुलट झाले. त्यांनी पुन्हा फिरवला. मग तो तंबूसारखा टेबलावर उभा केला आणि बातम्या पाहत बसले. मुग्धाने हे दारातून पाहिले आणि ती शहाणपणाने आत निघून गेली. रविवारी सकाळी पेपरवाल्या रामकिशनला सरांनी तो फिरवून दाखवला, दुपारी आलेल्या पाहुण्यांनाही दाखवला. प्रत्येक वेळी शेवटी सांगितले, "पण आपल्याला हा घ्यायचा नाही."

पाहुणे गेल्यावर सौदामिनींनी टेबल पुसले. दोन्ही लॅपटॉप उचलून पुन्हा नीट ठेवले. डावीकडचा उजवीकडे गेला, एवढेच.

साडेपाचला चांदबी शिवलेले ब्लाउज द्यायला आल्या. सरांनी त्यांना बसायला सांगितले आणि सवयीने डावीकडचा लॅपटॉप उचलला.

"आता बघा," सर म्हणाले. स्क्रीन थोडा मागे गेला आणि अडला. "सकाळी सैल होता."

"जोर लावा की, सर. यासेर तर एका हातानं फिरवतो. लई मजबूत हाय म्हणतो."

सरांनी जोर लावला. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला आणि स्क्रीन पाठीला जाऊन टेकला.

"हाव, फिरला की," चांदबी कौतुकाने म्हणाल्या.

"बाबा," मुग्धा दारातून म्हणाली, "तो साधा आहे."

सरांनी लॅपटॉप सरळ करून पाहिला. स्क्रीन मान टाकल्यासारखा मागे कलंडला. सौदामिनींनी मागे पोळपाट लावला, तेव्हा तो उभा राहिला. चित्र व्यवस्थित दिसत होते. पण मोडलेली वस्तू परत देता येत नाही, म्हणजे हाच ठेवावा लागणार आणि धडधाकट तो परत जाणार. हा हिशेब सर्वांत आधी मुग्धाला कळला. तिने पेन उचलून खोक्यात ठेवले.

सहाला यासेर आला. तो चप्पल काढत असतानाच चांदबींनी सांगून टाकले, "माझ्या हातून मोडला रे, बाबा."

सर उठून उभे राहिले. खोटे बोलणाऱ्या पोरांना भिंतीशी उभे करण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. यासेरही त्यातून सुटला नव्हता. "यासेर, तुझी आई खोटं बोलून राहिली. मी मोडला."

"तुम्ही बसा, सर. मीच ओढला त्याला मागं."

"तुम्ही हातसुद्धा लावला नाही, चांदबी."

"जोर लावा कोण म्हणलं? मीच ना? मग माझंच झालं."

सौदामिनींनी मध्येच सांगितले की जागा आपण बदलल्या, तेव्हा थोडे आपल्याकडेही येते. सरांनी घडलेला प्रकार पहिल्यापासून सांगायला घेतला. वडिलांच्या प्रत्येक खऱ्या वाक्यासरशी मुग्धाला आपला लॅपटॉप दाराकडे सरकताना दिसत होता. आईला खोटे पाडता येईना आणि सरांना तर त्याहून नाही, अशा अवस्थेत यासेर जुन्या सवयीने भिंतीला टेकून उभा राहिला होता.

"मोडला तो आमचा," सरांनी निकाल दिला. "हा घेऊन जा." आणि त्यांनी फिरणारा लॅपटॉप पुढे केला.

यासेरने हात पुढे केला नाही. "सर, एक मोडका आणि एक धड, ह्याच्यात पसंती कशी व्हायची? हैदराबादहून बिजागरी मागवतो. मोडका दुरुस्त झाला की दोन्ही शेजारी ठेवा, मग ठरवा. तवर हा फिरणारा राहू द्या."

साड्यांच्या नियमात हे बसते, असे सौदामिनी म्हणाल्या. सरांनी या युक्तिवादात चूक शोधून पाहिली. सापडली नाही. बिजागरीचा खर्च आपला, एवढे बजावून ते खाली बसले.

आता दिवाळी होऊन गेली आहे. मुग्धाच्या पहिल्या सत्राची सगळी ड्रॉइंग्ज त्याच लॅपटॉपवर झाली. संध्याकाळी सर तो तंबूसारखा उभा करून चहा घेतात, आणि प्रकरण अजून निकालात निघालेले नाही म्हणून कुंपणावरून बिजागरीची चौकशी करतात. यासेर हैदराबादला फोन करतो. पार्सल केव्हाच पाठवले, असे तिकडून सांगतात.

तेही खरे आहे. पार्सल एका शुक्रवारी, दुकान नमाजासाठी बंद असताना, घरी आले. सही चांदबींनी केली. बिजागरी त्यांच्या शिलाई मशीनच्या खणात, हुकांच्या डबीखाली आहे.

काल सरांनी पुन्हा विचारले. चांदबींनी मशीन थांबवले, दोरा दातांनी तोडला.

"येईल की, सर," त्या म्हणाल्या. "पोरीचं शेवटचं सबमिशन कधी हाय?"