हरणापुढचं दंडवत

"हे बघ, बाबांपुढे नुसती मान लववून भागायचं नाही," चिनात्सूने पुन्हा बजावलं. "कपाळ जमिनीला टेकवलंस तरच काही खरं."

"कमरेत वाकेन, बास! कपाळ टेकवायची नाटकं माझ्या आजोबांच्या काळात चालायची," तेत्सुया म्हणाला.

टोकियोचा हा ताठ कण्याचा गडी नारा या जुन्या शहरात आला होता मुलीला मागणी घालायला. तिचे वडील, ओकुमुरा-सान, शाईच्या वड्या बनवणारे आणि जुन्या वळणाचे. त्यांनी 'नाही' म्हटलं की संपलं. चिनात्सू रडली असती, पण बापाचा शब्द मोडला नसता. भेट त्यांनी हरणं मोकळी फिरतात त्या बागेत, देवळाच्या मोठ्या दरवाजाखाली ठरवली होती.

"मी बाबांना घेऊन येते. तोवर हरणांपुढे वाकू नकोस हं! वाकलास की त्यांना वाटतं, आता बिस्किट मिळणार. नरांची शिंगं इथे दर वर्षी कापतात, म्हणून बरं."

ती वळते न वळते तोच एक हरिणी समोर येऊन उभी राहिली आणि तिने अदबीने मान लववली. तेत्सुयाला सगळं कळत होतं हो, पण समोरचा वाकला आणि आपण ताठ, हे जपानी रक्ताला सोसतं का? तो वाकला. हरिणी आणखी खाली वाकली. आता कमी पडणं बरं दिसेना, म्हणून हाही आणखी वाकला.

"अहो पाहुणे!" बिस्किटं विकणारी म्हातारी ओरडली. "हात रिकामे आणि वाकताय कसले? थट्टा वाटते तिला, भडकेल ती!"

"मग द्या की एक पुडा!"

पण तेवढ्यात ओकुमुरा-सान समोर येऊन ठाकले. तेत्सुयाने घाईघाईने हरिणीकडे पाठ केली, मिठाईचा डबा पुढे धरला आणि मोजूनमापून कमरेत वाकला. शेजारी चिनात्सूही रीतीप्रमाणे डोळे मिटून वाकली.

"आपल्या मुलीचा हात मला..."

धाड! मागून अशी ढुशी बसली, की डबा एकीकडे, चष्मा दुसरीकडे आणि तेत्सुयाचं कपाळ थेट ओकुमुरा-सानांच्या बुटांपाशी. चिनात्सूने डोळे उघडले तर हे दृश्य! तिला हुंदका फुटला. "माझ्यासाठी? अरे, माझ्यासाठी टेकलंस?"

तेत्सुया खरं सांगायला गुडघ्यांवर उठला. "त्याचं असं झालं की..." दुसरी ढुशी. कपाळ पुन्हा मातीत.

"पुरे, पुरे! उठा," ओकुमुरा-सान गंभीरपणे म्हणाले. "दिली मुलगी."

आईला आनंदाची बातमी द्यायला चिनात्सू घराकडे धावत सुटली. तेत्सुया कपाळावरची माती पुसत राहिला. पोटात लाज मावेना, आणि आनंदही मावेना.

"बाबा, खोटं बोलवत नाही. मी टेकलो नाही. मला पाडलं."

"पाहिलं की. मी काय डोळे मिटले होते?"

"मग हो का म्हणालात?"

म्हाताऱ्याने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हिच्या आईला अजून वाटतं, मी प्रेमापोटी टेकलो होतो. तेव्हा तोंड उघडू नका. आणि तुमची तर हरिणी होती, जावईबापू. माझ्या वेळी नर होता, त्यात त्याची शिंगं कापायची राहिली होती."