उंच टाचेवरची स्वारी

श्रोते हो, सावध असावें. कृत्रिम अवयवशास्त्राच्या पदव्युत्तर मुलखांत अखेरच्या प्रात्यक्षिकाचा दिवस उगवला, आणि उमेदवार कन्येनें स्वहस्तें घडविलेला पाय रुग्णास चढवून हुजुरांत चालवून दाखवावा, न चालल्यास वर्ष बुडालें, ऐसें फर्मान सुटलें. रुग्ण म्हणजे कन्येच्या सख्ख्या मावशीसाहेब. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून मधुमेहानें पूर्वींच जप्त केला होता. मग कन्येनें प्लास्टरचा साचा घेतला, कानशीनें तासला, आणि मावशीसाहेबांच्या सपाट चपलेबरहुकूम घोट्याचा कोन बांधून फत्तेची खातरजमा केली.

आणि ऐन समयीं मावशीसाहेब दाखल जाहल्या त्या उंच टाचेच्या पट्ट्यांच्या सँडलांवर. उभ्या राहतांच नडगी पुढें कलली, गुडघा दगा देऊं लागला, आणि स्वारीनें चालण्याच्या सरावासाठीं दोहों बाजूंस रोवलेल्या दांड्या गच्च धरल्या. पाय सपाटीचा, टाच डोंगरी. तह कैसा व्हावा?

"मावशी, रोजच्या चपला कुठायत?"

"घरी. परीक्षेला काय त्या झिजक्या घालून येऊ?"

"अगं, पाय त्यांच्यावर बसवलाय. काढ या."

"नाही काढायची. तुझ्या आईच्या आहेत. तिला यायचं होतं ना आज."

आईसाहेब मागील हिवाळ्यांत निवर्तल्या होत्या.

मग परीक्षकसाहेबांचा हुकूम जाहला, कीं पादत्राणें बदलावीं अथवा पाळी सोडावी. कन्येनें अर्ज केला, कीं टाच राहो, पायच बदलतें. आणि भर दरबारीं फरशीवर बैठक मारून, षट्कोनी चावी उपसून, घोट्याचा एक स्क्रू सैल केला, समोरचा आवळला. गुडघा मागें पळाला. मग किंचित उलट फिरविला.

"रेडिओ लावतेस का गं? स्टेशन लागलं की सांग."

"तूच सांग. लागलं?"

मावशीसाहेबांनीं एक पाऊल टाकलें, मग दुसरें, आणि दांड्या सोडल्या. दांड्या सरल्या तरी स्वारी थांबेना. परीक्षकांस वळसा घालून, दार ओलांडून, कॉरिडॉरांत चाल करून गेली.

"अहो बाई, परत या. गुण द्यायचेत."

"द्या की. मी कुठं अडवलंय?"

टाचा फरशीवर टक टक वाजत दूर चालल्या. कन्येनें हांक मारावयास तोंड उघडलें, आणि मिटलें. तो आवाज घरांतून गेल्यास बहुत दिवस जाहले होते. परीक्षकसाहेबांनींही कान देऊन ऐकिलें, आणि चालींत लंगडेपणा नाहीं, उमेदवार उत्तीर्ण, ऐसें लिहून शिक्का केला.