पुंडलिकरावांनी पाहिलेली दुबई

दुबईहून परतताना पुंडलिकरावांनी बायकोला एकच विनंती केली. "तिथं काय झालं, थे दारव्ह्यात कोनाले सांगू नको."

विमलताईंनी मान डोलावली. झालं होतं एवढंच, की बियाण्यांच्या एका कंपनीनं कृषी केंद्रवाल्यांना जोडीनं दुबई दाखवायला नेलं होतं, आणि पहिल्याच सकाळी पुंडलिकरावांनी नाश्त्याला उंटिणीचं दूध घेतलं. फुकट होतं म्हणून तीन पेले घेतले. पुढची सगळी सहल त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढली. विमलताई मंडळींबरोबर सगळं पाहून आल्या.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण परतल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे दुकानदार खेमसिंग यांनी विचारलं, "भाऊ, थो बुर्ज खलिफा कसा हाये?"

"पाह्यता पाह्यता मान दुखते," पुंडलिकराव म्हणाले.

इथं थांबायला हवं होतं. आठवड्याभरात मात्र ते वाळूच्या टेकड्यांवर जीप उलटता उलटता वाचले आणि मॉलमधल्या बर्फावरून घसरतही आले. रोज जेवताना ते विमलताईंकडून माहिती घेत. "थे कारंजं गान्यावर नाचते, का गानं मागून लावते?" सकाळी तेच दुकानात सांगत. युरिया घ्यायला आलेली माणसं दुबई ऐकून जात.

मग ज्येष्ठ नागरिक संघाचे देवीलाल आले. संघाची मंडळी हिवाळ्यात दुबईला निघणार होती. "रविवारी हॉलमध्ये सांगा जी सगळं. फोटो पडद्यावर दाखवू."

फोटो विमलताईंच्या मोबाईलमध्ये होते. रविवारी मुलगी अर्पितानं मोबाईल जोडला. पडद्यावर बुर्ज खलिफा आला, कारंजं आलं, बर्फ आला. प्रत्येक ठिकाणी विमलताई होत्या.

"तुमी कुठी हा?" खेमसिंगनी विचारलं.

"मी फोटो काढून राह्यलतो ना!"

लोकांना पटलं. पुंडलिकरावांनी पडद्यावर दाखवायला घेतलेल्या काठीनं वाळवंटातला उंट दाखवला. तो फोटो नव्हता, व्हिडिओ होता. उंट चालू लागला.

"पाहा जी, उंटावर बसली मी!" पडद्यावरच्या विमलताई ओरडल्या. "तुमाले पाठवून राह्यली हे. पोट कसं हाये आता? संडासातून बाहेर आले का?"

अर्पितानं घाईघाईनं बोट लावलं, तर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला.

"वहिनी, मंग तुमीच सांगा," देवीलाल म्हणाले.

विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी काठी मुकाट्यानं पुढे केली. विमलताईंनी खरं ते सांगितलं. बुर्ज खलिफावरून धुक्यामुळे काहीच दिसलं नव्हतं, आणि जीपमध्ये त्यांना ओकारी आली होती. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी पुंडलिकराव शेवटच्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते. देवीलाल हळूच शेजारी येऊन टेकले.

"भाऊ, मले बी बाहेरचं पचत नाई. तिथं पोट बिघडलं तं काय करा लागते?"

पुंडलिकरावांनी मान वर केली. "औषधाचं दुकान हॉटेलच्या खालीच असते. भाषा नाई आली तं पोटावर हात ठेवा, समजते त्याले. खोलीत भात मागवा. अन् फिरायले निघाच्या आधी संडास कुठी कुठी हाये, थे इचारून ठेवा."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या वळवल्या. मग चौघांनी. बघता बघता सगळा संघ भोवती गोळा झाला.

"चला जी घरी," विमलताई म्हणाल्या.

"थांबा वहिनी," देवीलाल म्हणाले, "आता कुठी कामाचं सांगून राह्यले."