डेल्बर्टच्या तब्येतीची काळजी

नवरा-बायकोंनी मोडलेला संसारही सरकार मोडीत काढत नाही, हे प्रगत राष्ट्राचं लक्षण आहे. टोलीडो या अमेरिकी शहरातल्या लॉर्ना नोवाकचा घटस्फोट होऊन तीस वर्षं झाली. तरी माजी नवरा डेल्बर्टच्या काचकारखान्यातल्या नोकरीच्या जोरावर, त्याच्या निम्म्याइतकं निवृत्तिवेतन तिला दरमहा मिळतं. (तो नवरा होता तेव्हा घरी इतक्या नेमाने काहीच येत नसे.) डेल्बर्टचं यात काही कमी होत नाही, त्याला विचारावंही लागत नाही. अटी दोनच. लग्न दहा वर्षं टिकलेलं असावं. प्रेमाबद्दल नियमात उल्लेख नाही. आणि बाईने पुन्हा लग्न केलेलं नसावं. पहिली अट लॉर्नाने वकिलाच्या सल्ल्यावरून, शेवटचे काही महिने दात-ओठ खात पुरी केली होती.

अडचण दुसरीची होती. तिला अर्विनशी लग्न करायचं होतं. अर्विनने जन्मभर लोकांच्या लग्नांत अकॉर्डियन वाजवला, त्यामुळे त्याचं स्वतःचं निवृत्तिवेतन नावापुरतंच होतं.

पण कायदा दयाळू आहे. डेल्बर्ट वारला तर लॉर्नाला निम्म्याऐवजी पूर्ण वेतन मिळणार होतं, आणि लॉर्नाची साठी उलटली असल्यामुळे तिचं लग्न, डेल्बर्टच्या हयातीत झालं तरी, त्या वेतनाच्या आड येणार नव्हतं; फक्त तो असेपर्यंत निम्म्यावर पाणी सोडावं लागलं असतं. (कुणाचं मरण चिंतावं असं कायदा म्हणत नाही. तो फक्त सोय करून ठेवतो.) तेव्हापासून लॉर्ना डेल्बर्टच्या तब्येतीची आस्थेने चौकशी करू लागली.

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांतल्या, एका शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. वाढायला लॉर्ना होती.

"डेल्बर्ट, घे की अजून दोन तुकडे."

"नको गं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. रोज तीन मैल चालतो मी. पोट बघ, कुठल्या कुठे गेलं."

"या वयात कशाला जिवाला एवढा त्रास देतोस?" लॉर्ना कळवळून म्हणाली.

कोपऱ्यात अर्विनने अकॉर्डियनवर पोल्का नाचाची धून धरली आणि अर्ध्यावरच धाप लागून थांबला. आपण भलत्याच माणसाची वाट बघत बसलोय, हे लॉर्नाला तिथल्या तिथे कळलं. ती तशीच, हातात झारा घेऊन, त्याच्यापाशी गेली.

"जूनमध्ये लग्न करू."

"आणि ते पैसे?"

"जाऊ देत आत्ता. डेल्बर्टला आमंत्रण देऊ. केक मी करते, लोणी घालून."

आपल्याकडे असा कायदा नाही. तरीही दात-ओठ खात दहावं वर्ष पुरं करणारी जोडपी आपल्याकडे घरोघरी आहेत. ती ते कशाच्या आशेवर करतात, हे वाचकांनी आज रात्री जेवताना समोरच्या माणसाला विचारू नये.